नवी आवृत्ती चढवताना नोंदी का हरवतात: काफ्कावरचे प्रोग्रॅम बंद करण्याच्या वेळेविषयी

रामबागेत गेल्या रविवारी भेट झाली तेव्हा तुम्ही विचारलेला प्रश्न चहा संपेपर्यंत उत्तर देऊन मोकळे होण्यासारखा नव्हता, म्हणून सवडीने लिहीत आहे. तुमच्या प्रणालीत देवास, सांवेर आणि महू या बाजूंनी इंदूरला येणाऱ्या दुधाच्या टँकरांमधून तापमानाच्या नोंदी काफ्कामध्ये, म्हणजे नोंदी साठवून पुढे देणाऱ्या प्रणालीत, येतात. जावामध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम साधा कन्झ्युमर (काफ्कातून नोंदी वाचणारा घटक) वापरून त्या नोंदी डेटाबेसमध्ये लिहितो आणि दुसरा प्रोग्रॅम काफ्का स्ट्रीम्स या, येणाऱ्या नोंदींवर सतत गणना करणाऱ्या लायब्ररीच्या साहाय्याने प्रत्येक टँकरची दहा मिनिटांची सरासरी काढतो. दोन्ही कुबरनेटिसवर, म्हणजे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणाऱ्या व्यवस्थेवर, चालतात. एरवी सगळे सुरळीत असते, पण रात्री नवी आवृत्ती चढवली की काही नोंदी हरवतात, काही दोनदा लिहिल्या जातात, पाऊण मिनिटभर सरासरीच येत नाही आणि कधी कधी दुसरा प्रोग्रॅम आपली जुनी स्थिती पुन्हा उभारण्यात वीस मिनिटे घालवतो. पॉड, म्हणजे कुबरनेटिसवरील प्रोग्रॅमची एक चालू प्रत, बंद होताना मिळणारी 30 सेकंदांची मुदत वाढवून किती करावी, एवढेच तुम्ही विचारले होते.

आकडाच हवा असेल तर 60 सेकंद करा. मात्र तुम्ही सांगितलेल्या चार तक्रारींपैकी फार तर दीड तक्रार त्याने कमी होईल, कारण तुमच्याकडे वेळ कमी पडण्यापेक्षा वेळेचा क्रम चुकतो आहे. लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत संध्याकाळचे आवरणे ज्याने पाहिले असेल त्याला हे समजावून सांगावे लागत नाही: आधी फाटक बंद होते, मग आत आलेल्या गाड्यांचे वजन होते, वजन झाले की वहीत नोंद होते आणि सर्वांत शेवटी काटा झाकला जातो. काटा आधी झाकला किंवा वजन होण्याआधी वहीत नोंद केली, तर फाटक रात्री दहापर्यंत उघडे ठेवूनही हिशेब जुळणार नाही. तुमच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये या दोन्ही चुका एकाच वेळी होत आहेत.

त्याकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण ती चुकली असेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. पॉड बंद करताना कुबरनेटिस प्रथम सिगटर्म हा आवरते घेण्याचा संकेत पाठवते, ठरलेल्या मुदतीपर्यंत थांबते आणि प्रोसेस तरीही जिवंत असेल तर सक्तीने मारणारा सिगकिल पाठवते. सिगकिल मिळालेल्या प्रोसेसला काहीही आवरता येत नाही. कंटेनर ज्या निर्गम-अंकाने संपला तो पाहा. 143 असेल तर प्रोसेस सिगटर्मने संपली, म्हणजे 128 अधिक 15. 137 असेल तर सिगकिलने, म्हणजे 128 अधिक 9. जर प्रत्येक वेळी बरोबर तिसाव्या सेकंदाला 137 येत असेल आणि लॉगमध्ये बंद होण्याची एकही ओळ नसेल, तर बहुधा सिगटर्म तुमच्या जावा प्रोसेसपर्यंत पोहोचतच नाही. कंटेनरची सुरुवात एखाद्या शेल स्क्रिप्टने होत असेल तर पहिल्या क्रमांकाची प्रोसेस ती स्क्रिप्ट असते आणि ती आलेला संकेत पुढे देत नाही. स्क्रिप्टमधील जावाच्या ओळीआधी एक्झेक हा शब्द घातला की शेलची जागा जावा घेते आणि हा दोष जातो. लॉगमध्ये ओळ नसणे हा मात्र एकट्याने पुरेसा पुरावा नाही, कारण लॉग-फोर-जे-टू ही लॉग लिहिणारी लायब्ररी स्वतःचा शटडाऊन हुक, म्हणजे प्रोसेस बंद होताना चालणारा कोड, नोंदवते आणि तुमचे आवरणे चालू असतानाच लॉग बंद करून टाकू शकते. तो हुक सेटिंगमधून बंद करा आणि लॉग बंद करण्याचे काम आपल्या हाताने, सर्वांत शेवटी करा.

आता पहिला प्रोग्रॅम. तुम्ही दाखवलेल्या कोडमध्ये ऑटो-कमिट, म्हणजे कुठपर्यंत वाचले याची आपोआप होणारी नोंद, चालू आहे, नोंदी वाचण्याचा लूप एका थ्रेडमध्ये (प्रोसेसच्या आत स्वतंत्र चालणाऱ्या धाग्यात) आहे, त्याच्या फायनली भागात, जो काहीही झाले तरी चालतो, कन्झ्युमर क्लोज केला आहे आणि डेटाबेसची जोडणी स्प्रिंग या जावाच्या चौकटीच्या ताब्यात आहे. शिवाय तुम्ही स्वतः एक शटडाऊन हुक लिहिला आहे आणि त्यात फक्त वाचणाऱ्या थ्रेडला उठवणारा कन्झ्युमरचा वेकअप बोलावला आहे. सिगटर्म आल्यावर यातून काय घडते ते क्रमाने पाहू. जावामध्ये सगळे शटडाऊन हुक एकाच वेळी सुरू होतात. त्यांचा आपसांतला क्रम ठरलेला नसतो. तुमचा हुक वेकअप बोलावून एका क्षणात संपतो. त्याच वेळी स्प्रिंगचा हुक डेटाबेसच्या जोडण्या बंद करू लागतो. वाचणारा थ्रेड समजा 500 नोंदींच्या तुकडीतील दोनशेव्या नोंदीवर आहे. त्याचे लिखाण बंद झालेल्या जोडणीवर आदळते, अपवाद फेकला जातो, लूप तुटतो आणि नियंत्रण फायनलीत जाते. तिथे क्लोज आहे. ऑटो-कमिट चालू असलेला कन्झ्युमर क्लोज होताना आपले ऑफसेट (कुठपर्यंत वाचले ते क्रमांक) कमिट करतो, आणि ते ऑफसेट तुम्ही कुठपर्यंत लिहिलेत ते नसते, तर पोलने, म्हणजे नोंदी मागवणाऱ्या कॉलने, कुठपर्यंत नोंदी हातात दिल्या ते असते. म्हणजे तीनशे नोंदी न लिहिताच "झाल्या" असे वहीत चढते. नव्या पॉडला त्या दिसत नाहीत आणि तुमच्या तक्त्यात त्या टँकरच्या पुढे मोकळी जागा राहते.

ही साखळी फक्त आवृत्ती चढवतानाच का घडते, हे आता लक्षात येईल. चालू प्रोग्रॅममध्ये जोडणी बंद करणारे कोणी नसते. तुमच्या सहकाऱ्याने नेटवर्कवर संशय घेतला होता. माझ्या मते नेटवर्कचा यात काही संबंध नाही.

दोनदा लिहिल्या जाणाऱ्या नोंदींचे कारण याच्या नेमके उलट आहे. पोल एका वेळी जास्तीत जास्त 500 नोंदी देतो, हा मूळ आकडा तुम्ही बदललेला नाही. एका नोंदीचे लिखाण, त्यात बाहेरच्या सेवेकडून टँकरचा मार्ग विचारणे धरून, 100 मिलिसेकंद घेत असेल तर पूर्ण तुकडीला 50 सेकंद लागतात. वेकअप हा फक्त पोलमध्ये अडकलेल्या थ्रेडला उठवतो. नोंदींवर काम करत असलेल्या थ्रेडला तो थांबवत नाही. स्प्रिंगने जोडणी बंद करण्यापूर्वी थोडे थांबावे असे तुम्ही एका ठिकाणी केले आहे, आणि त्या पॉडवर लिखाण चालू राहते, 30 सेकंद भरतात, सिगकिल येतो. तीनशे नोंदी लिहून झालेल्या असतात, पण कमिट झालेला नसतो. नवा पॉड त्याच तीनशे नोंदी पुन्हा लिहितो.

दुरुस्ती अशी करा. ऑटो-कमिट बंद करा. थांबण्याची खूण म्हणून एक व्होलाटाइल (बदल सर्व थ्रेडांना लगेच दिसणारे) चल ठेवा आणि ते दोन पोलांच्या मध्ये नव्हे, तर दोन नोंदींच्या मध्ये तपासा, म्हणजे थांबायला लागणारा वेळ तुकडीएवढा न राहता एका नोंदीएवढा होईल. अर्ध्या तुकडीत थांबलात तर कमिट करताना पार्टिशन (नोंदींच्या प्रवाहाचा भाग) आणि ऑफसेट स्पष्टपणे द्या. ऑफसेट न देता केलेला कमिट पुन्हा तुकडीच्या टोकाचाच ऑफसेट लिहील आणि तुम्ही मूळ दोषावर परत याल. द्यायचा ऑफसेट शेवटच्या लिहिलेल्या नोंदीचा नाही, त्याच्या पुढच्या नोंदीचा असतो, हेही विसरू नका. याशिवाय एक बारकावा आहे, जो मला स्वतःला फार उशिरा कळला. वेकअप बोलावला तेव्हा थ्रेड पोलमध्ये नसेल, तर तो वेकअप वाया जात नाही, तो साठून राहतो आणि पुढच्या थांबणाऱ्या कॉलवर फुटतो. खूण पाहून तुम्ही लूपमधून शिस्तीने बाहेर पडलात, तर पुढचा थांबणारा कॉल तुमचा शेवटचा कमिटच असतो. म्हणजे सर्वांत मोलाचा कमिट वेकअपच्या अपवादाने फसतो, आणि तो अपवाद अपेक्षितच म्हणून बहुतेक कोडमध्ये गिळलेला असतो. तेव्हा शेवटच्या कमिटवर हा अपवाद आला तर तोच कमिट एकदा पुन्हा करा. साठलेला वेकअप एकदाच फुटतो.

हुकने वेकअप बोलावून परत फिरू नये, वाचणारा थ्रेड संपेपर्यंत थांबावे. सगळे हुक संपले की जावाचे यंत्र बाकीच्या थ्रेडांची वाट न पाहता थांबते, त्यामुळे आज तुमचा कन्झ्युमर पूर्ण क्लोज होतो तेव्हा तो केवळ स्प्रिंगचा हुक त्याच्यापेक्षा सावकाश आहे म्हणून होतो. आणखी चांगले म्हणजे स्वतःचा हुक काढूनच टाका आणि थांबवण्याचे काम स्प्रिंगच्या जीवनचक्रात बसवा, म्हणजे वाचन आधी थांबेल आणि जोडणी नंतर बंद होईल हा क्रम एकाच हाती राहील. डेटाबेसमध्ये टँकरचा क्रमांक आणि उपकरणाने दिलेली वेळ या दोहोंवर युनिक की घाला. वीज गेली किंवा यंत्रच बंद पडले तर कोणतेही आवरणे होत नाही, आणि त्या दिवशी दुबार लिखाण थोपवणारी ही एकच गोष्ट असते.

दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये दोष वेगळ्या जातीचा आहे: तिथे एक थ्रेड स्वतःचीच वाट पाहत बसतो. तुमच्या अपवाद हाताळणाऱ्या भागात प्रोसेस संपवण्याचा, म्हणजे सिस्टिम एक्झिटचा कॉल आहे. एखाद्या टँकरकडून मोडकी नोंद आली की स्ट्रीम थ्रेडमध्ये अपवाद येतो, तोच थ्रेड हा कॉल करतो आणि शटडाऊन हुक संपेपर्यंत तिथेच अडकतो. हुकमध्ये काफ्का स्ट्रीम्सचा क्लोज आहे, तोही मुदत न देता, आणि मुदत न दिलेला क्लोज सगळे स्ट्रीम थ्रेड संपेपर्यंत कितीही काळ थांबतो. हुक थ्रेडची वाट पाहतो, थ्रेड हुकची. प्रोसेस बाहेरून जिवंत दिसते, त्यामुळे कुबरनेटिसलाही काही वावगे वाटत नाही. रात्री कोणी आवृत्ती चढवतो तेव्हा सिगटर्म येतो, आधीच अडकलेल्या प्रोसेसवर त्याचा काही परिणाम होत नाही आणि 30 सेकंदांनी ती मारली जाते. इथे मुदत 30 ऐवजी 600 केलीत तर दहा मिनिटांनी मारली जाईल, एवढाच फरक.

काफ्काच्या 2.8 आवृत्तीपासून या कामासाठी नवा हाताळणारा भाग मिळतो, त्यात थ्रेड बदलणे, या प्रोसेसमधील स्ट्रीम्स बंद करणे किंवा सर्व प्रोसेसमधील बंद करणे यांपैकी एक उत्तर परत द्यायचे असते. तुम्ही दुसरे उत्तर द्या आणि तिथून क्लोज किंवा एक्झिट यांपैकी काहीही बोलावू नका. मुख्य थ्रेडला एका लॅचवर, म्हणजे सोडेपर्यंत अडवून ठेवणाऱ्या कडीवर, थांबवा. स्थिती कळवणाऱ्या लिसनरमध्ये स्थिती "बंद" किंवा "त्रुटी" झाली की फक्त लॅच सोडा. पुढचे सगळे मुख्य थ्रेड करील. हुकमधील क्लोजला मुदत द्या आणि तो परत देत असलेले हो किंवा नाही हे उत्तर लॉगमध्ये लिहा. ते उत्तर "नाही" असेल तर त्याचा अर्थ काही थ्रेड अजून जिवंत होते, आणि हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी तक्रार येण्याआधी कळले पाहिजे. मोडकी नोंद आल्यावर प्रोग्रॅम थांबवणेच योग्य आहे का, हा निर्णय तुमचा आहे. मला विचाराल तर ती नोंद वेगळ्या टॉपिकमध्ये (काफ्कातील नाव दिलेल्या प्रवाहात) ठेवून पुढे जावे, कारण एका टँकरच्या बिघडलेल्या उपकरणासाठी बाकीच्या टँकरांच्या तापमानावरची नजर हटवणे मला पटत नाही.

पाऊण मिनिटाची शांतता हा दोष नाही, ती तशी ठरवलेली आहे. साधा कन्झ्युमर क्लोज होताना ग्रुपला, म्हणजे मिळून वाचणाऱ्या कन्झ्युमरांच्या गटाला, "मी निघालो" असे कळवतो. काफ्का स्ट्रीम्स मात्र मुद्दाम कळवत नाही, कारण प्रोसेस पुन्हा लगेच उभी राहील आणि आपल्याच पार्टिशनवर, आपल्याच जवळच्या डिस्कवरील स्थितीवर काम सुरू करील अशी तिची अपेक्षा असते. परिणामी गेलेला सभासद सेशन टाइमआऊट (खबर न देणाऱ्या सभासदाची वाट पाहण्याची मुदत) संपेपर्यंत ग्रुपमध्येच धरला जातो. ही मुदत पूर्वी 10 सेकंद होती, काफ्काच्या 3.0 आवृत्तीपासून ती 45 सेकंद झाली आहे, आणि तुमची पाऊण मिनिटे ती हीच. कमी करण्याचा मोह होईल, पण माझा सल्ला उलटा आहे. प्रत्येक पॉडला स्थिर ग्रुप इन्स्टन्स आयडी द्या, स्टेटफुलसेट वापरून पॉडचे नाव आणि डिस्क दोन्ही कायम ठेवा आणि सेशन टाइमआऊट पॉड बंद होऊन पुन्हा उभा राहण्याच्या वेळेपेक्षा थोडा अधिक ठेवा. मग तोच सभासद परत आला असे ग्रुप समजतो, रिबॅलन्स (पार्टिशनची फेरवाटणी) होतच नाही आणि शांतता पॉडच्या पुन्हा उभे राहण्याच्या वेळेएवढीच उरते. याची किंमत अशी की पॉड खरोखर मेला तर ते कळायलाही तितकाच उशीर होतो. टँकरचे दूध दोन मिनिटांत नासत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी हा सौदा परवडण्याजोगा आहे. पैशांच्या व्यवहारांसाठी तो मी करणार नाही.

वीस मिनिटांच्या पुनर्उभारणीला दोन कारणे एकत्र आली आहेत. आज तुम्ही साधे डिप्लॉयमेंट वापरता, त्यामुळे नव्या पॉडला जुनी डिस्क मिळतच नाही आणि रॉक्सडीबीमधील (स्ट्रीम्सच्या डिस्कवरील साठ्यातील) सर्व स्थिती चेंजलॉग टॉपिकमधून, म्हणजे स्थितीतील बदल जिथे नोंदले जातात तिथून, पुन्हा वाचावी लागते. दुसरे कारण डिस्क कायम ठेवल्यावर समोर येईल: तुम्ही "नेमके एकदाच" ही हमी चालू केली आहे. त्या पद्धतीत स्थिती कुठपर्यंत पक्की आहे हे सांगणारी चेकपॉइंट फाइल फक्त व्यवस्थित बंद होतानाच लिहिली जाते. प्रोसेस सिगकिलने मेली तर ती फाइल सापडत नाही, डिस्कवरील स्थितीवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून ती पुसली जाते आणि चेंजलॉग पहिल्यापासून वाचला जातो. तेव्हा तुमच्या बाबतीत शेवटच्या दोन सेकंदांची कंजुषी सकाळच्या वीस मिनिटांना पडते. शिवाय अर्धवट राहिलेला ट्रान्झॅक्शन मुदत संपेपर्यंत उघडा राहतो, स्ट्रीम्समध्ये मूळ मुदत 10 सेकंद आहे, आणि तोवर फक्त पक्क्या नोंदी वाचणारे पुढचे प्रोग्रॅमही त्या जागी अडतात.

आता सेकंदांचा हिशेब मांडता येईल, आणि तो आतून बाहेर मांडायचा असतो. मार्ग विचारण्याच्या बाहेरच्या सेवेचा टाइमआऊट आज 20 सेकंद आहे, तो 3 करा. एका नोंदीचा सर्वांत वाईट वेळ त्यावर ठरतो. स्ट्रीम्सच्या क्लोजला 40 सेकंद द्या. टँकरांकडून नोंदी स्वीकारणारी तुमची एचटीटीपी सेवा वेगळ्या पॉडमध्ये आहे, तिला सिगटर्मनंतरही काही क्षण नव्या विनंत्या येत राहतात, कारण सेवेच्या यादीतून पॉडचे नाव काढणे आणि संकेत पाठवणे ही दोन कामे समांतर चालतात. म्हणून तिथे प्री-स्टॉपमध्ये (सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या पायरीत) 5 सेकंद थांबा. प्री-स्टॉपचा वेळ मुदतीतच धरला जातो, वेगळा मिळत नाही. त्या सेवेतील प्रोड्यूसरही (काफ्कात नोंदी लिहिणारा घटक) क्लोज करा, नाहीतर बफरमध्ये साठलेल्या नोंदी तशाच जातात. आणि त्याचा मूळ डिलिव्हरी टाइमआऊट 2 मिनिटांचा आहे, म्हणजे ब्रोकर (काफ्काचा सर्व्हर) उत्तर देत नसेल तर मुदत न दिलेला क्लोज तुमच्या 60 सेकंदांत मावणार नाही. तिथे तो 30 वर आणा. आतले प्रत्येक घड्याळ त्याच्या बाहेरच्या घड्याळाआधी वाजले पाहिजे, एवढे पाळले की 60 सेकंद पुरतात.

फ्लिंककडे, म्हणजे काफ्का स्ट्रीम्ससारखीच कामे करणाऱ्या दुसऱ्या प्रणालीकडे, जाण्याचा विचार तुम्ही बोलून दाखवलात, म्हणून एक इशारा देऊन ठेवतो. तिथे सेव्हपॉइंट (स्थितीची जतन केलेली प्रत) घेऊन थांबवण्याची चांगली सोय आहे, आणि तिला ड्रेन नावाचा एक पर्याय आहे. नावावरून तो "नीट रिकामे करून थांबा" असा वाटतो. प्रत्यक्षात तो वॉटरमार्क (वेळ कुठपर्यंत आली ते सांगणारी खूण) अखेरच्या टोकाला नेतो, त्यामुळे उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या, म्हणजे सरासरीचे कालखंड, वेळेआधी बंद होऊन त्यांचे निकाल बाहेर पडतात. पीथमपूरच्या एका औषध कारखान्याच्या शीतगृहाच्या कामात मी स्वतः तो प्रत्येक आवृत्तीच्या वेळी वापरला, आणि दहा मिनिटांच्या सरासरीऐवजी चार मिनिटांच्या अपुऱ्या सरासऱ्या अहवालात पूर्ण म्हणून गेल्या. दार उघडल्यावर थोडा वेळ चढणारे तापमान त्यात मोठे दिसले आणि एक चांगला माल तपासणीसाठी दोन दिवस अडवून ठेवला गेला. दोष माझा होता. काम कायमचे बंद करायचे असेल तेव्हाच ड्रेन वापरावा. पुन्हा चालू करायचे असेल तर ड्रेनशिवाय थांबवावे.

हे सगळे बदल एकाच रात्री चढवू नका. आधी पहिल्या प्रोग्रॅमचा कमिट दुरुस्त करा, कारण हरवलेली नोंद परत मिळत नाही, दुबार नोंद मात्र पुसता येते. चाचणीसाठी एक टॉपिक वेगळा काढा, त्यात ओळीने क्रमांक दिलेल्या एक लाख नोंदी सोडा, काम चालू असताना दहा वेळा सिगटर्म आणि दहा वेळा थेट सिगकिल पाठवा, आणि शेवटी डेटाबेसमधील क्रमांक मोजा. सिगटर्मच्या फेऱ्यांमध्ये एकही क्रमांक गाळलेला किंवा दुबार नसावा. सिगकिलच्या फेऱ्यांमध्ये युनिक की दुबार थोपवील, गाळलेला मात्र तिथेही चालणार नाही. चाचणीत ठरावीक सेकंद झोपून मग तपासू नका, स्थिती बदलण्याची वाट पाहा, नाहीतर तुमच्या लॅपटॉपवर उत्तीर्ण झालेली चाचणी गजबजलेल्या सर्व्हरवर नापास होईल आणि दोष कुणाचा हे कळणार नाही. आणि एखादा पॉड 20 सेकंदांनंतरही थांबला नसेल तर तो मारला जाण्याआधी जेस्टॅक या जावाच्या साधनाने थ्रेडांचे चित्र घेऊन मला पाठवा. त्यात स्ट्रीम थ्रेडच्या नावाखाली शटडाऊनशी संबंधित ओळ दिसली, तर अपवाद हाताळणाऱ्या भागात तो एक्झिट अजून कुठेतरी शिल्लक आहे.